डून एंगस (आयर्लंड): कड्याच्या टोकावरचा शुष्कसांधी किल्ला – बांधणी, काळ आणि पडझड

गडगेकर

दुसऱ्या धाग्यावर अरन बेटांवरच्या किल्ल्यांवरून फार अवांतर झालं, म्हणून वेगळा धागा काढतोय. तिथे "हे तर आपल्याकडच्या गडग्याचं (कोकणातल्या बिनचुन्याच्या दगडी कुंपणाचं) मोठं रूप" असं एकाने लिहिलं होतं. विधान अर्धं खरं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

जागा आधी. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवेच्या उपसागराच्या तोंडावर अरन नावाची तीन बेटं आहेत. त्यातलं सर्वात मोठं इनिश मोर. त्याच्या अटलांटिककडच्या बाजूला सुमारे ८७ मीटरचा सरळ तुटलेला कडा आणि त्या कड्याच्या अगदी धारेवर डून एंगस. 'डून' म्हणजे तटबंदीची जागा, गढी. एंगस हा आयरिश पुराणकथांतला फिर बोल्ग लोकांचा सरदार. नाव दंतकथेतलं असलं तरी दगड खरे आहेत.

आपल्या शब्दांत मांडणी सांगतो. कड्याला चिकटून अर्धवर्तुळाकार बालेकिल्ला, व्यास सुमारे ५० मीटर. त्याच्याभोवती मधला परकोट, त्याच्या बाहेर अजून एक पडकोट. मध्येच एका चौथ्या भिंतीचा तुकडा उरला आहे, तो कुठल्याच कोटात नीट बसत नाही. बाहेरच्या भिंतीच्या आतलं क्षेत्र साधारण १४ एकर. मधल्या कोटाच्या बाहेर उभ्या रोवलेल्या टोकदार दगडांचा पट्टा आहे. समुद्राच्या बाजूला काहीच नाही. भिंत नाही, कठडा नाही, थेट पाणी.

बालेकिल्ल्याचा तट काही ठिकाणी ४ मीटरहून जाड आणि आज जास्तीत जास्त ६ मीटरच्या आसपास उंच आहे. आतल्या बाजूने पायऱ्या पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या फांज्या (तटावर उभं राहायच्या, चालायच्या वाटा) आहेत. दरवाजा बुटका, वर आडव्या शिळा. चुना नाही, माती नाही, शिसं नाही. नुसता दगडावर दगड, म्हणजेच शुष्कसांधी.

बांधणीवर ज्यांना लिहायचंय त्यांनी लिहा. माझ्याकडून पुढचा प्रतिसाद त्याच विषयावर.

नवखा भटक्या

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: चुना नसताना ६ मीटर उंच भिंत टिकते कशी? आमच्या गावचा छातीएवढा गडगा दर दोन पावसाळ्यांनी बसतो.

गडगेकर

भाबडा अजिबात नाही, हाच मूळ प्रश्न आहे. चुना नसूनही टिकली असं नाही, चुना नसल्यामुळे टिकली. चुनाबांधीत पाणी आत शिरलं की बाहेर पडायला वाट शोधत बसतं. शुष्कसांधीत हजारो वाटा आधीच उघड्या असतात. पाऊस वरून पडतो, आतून गळतो, पायातून निघून जातो. भिंत थोडी बसली तरी दगड एकमेकांवर सरकून नवी बैठक घेतात. चुन्याची भिंत बसली की तडकते.

तुमच्या गावचा गडगा बसतो त्याची कारणं बहुधा अशी:

एक, दगड आडवा लावलेला असतो. दगडाची लांब बाजू दर्शनी तोंडावर दिसावी असा मोह होतो, कारण भिंत लवकर भरते. खरं तर दगडाची लांबी भिंतीच्या पोटात गेली पाहिजे आणि तोंडावर फक्त त्याचं डोकं दिसलं पाहिजे. आडवा लावलेला दगड म्हणजे भिंतीला चिकटवलेली फरशी. मागच्या भराचा दाब आला की तो सुटतो.

दोन, सांधा मोडलेला नसतो. एका दगडावर दोन, दोनांवर एक हा नियम. खालचा उभा सांधा वरच्या दगडाने झाकला नाही आणि असे चार-पाच थर गेले की भिंतीत उभी चीर तयार होते.

तीन, आणि कोकणात हेच मुख्य: पोटात माती भरलेली असते. माती पाणी धरते, फुगते, मग वाहून जाते. जिथून गेली तिथे पोकळी. शिवाय मातीत रुजणाऱ्या झाडाचं मूळ वेगळंच. भर चिपांचाच (दगडाच्या छोट्या तुकड्यांचाच) हवा, हाताने एक एक बसवलेला. पाटीने ओतलेला नव्हे. ओतलेल्या चिपा वाळूसारख्या वागतात आणि बाहेरच्या दोन्ही तोंडांना ढकलत राहतात.

चार, चिपा बाहेरून ठोकलेल्या असतात. दगड डुगडुगतो म्हणून समोरून चीप मारतात, ती पुढच्या वर्षी पडते. चीप नेहमी आतून, दगडाच्या शेपटीखाली.

मग ढाळ. उभ्या शुष्कसांधी भिंतीला साधारण सहा ते आठ फूट उंचीला एक फूट आत असा कल देतात. आणि दर काही थरांनी भिंतीच्या जाडीत शक्य तितका आरपार जाणारा लांब दगड टाकतात, दोन तोंडं एकमेकांना बांधून ठेवायला.

डून एंगसच्या तटाची खुबी याच्याही पुढची आहे. चार मीटर जाडीत आरपार दगड घालणं शक्यच नाही. म्हणून तट एकसंध नाही. एकाला एक खेटून उभ्या केलेल्या भिंती आहेत, प्रत्येकीला स्वतःचं घडीव तोंड. बाहेरचा पापुद्रा कोसळला तरी आतलं तोंड उभं राहतं. आणि आतल्या बाजूचा पापुद्रा मुद्दाम बुटका ठेवला की त्याचीच फांजी होते. म्हणजे एकाच युक्तीत जाडीही साधली आणि चढायची सोयही.

भूस्तर

वरच्या प्रतिसादाला +१, पण दगडाला त्याचं श्रेय द्या की राव! ही करामत कोकणातल्या जांभ्यात झाली नसती.

अरन बेटं म्हणजे समोरच्या किनाऱ्यावरच्या बर्रेन पठाराचाच समुद्रात गेलेला तुकडा. कार्बॉनिफेरस काळातला चुनखडक, ३० कोटींहून जास्त वर्षं जुना, जवळजवळ आडव्या थरांचा. हिमयुगातल्या बर्फाने वरची माती खरवडून नेली आणि उघडी फरशी मागे ठेवली. त्या फरशीला उभ्या भेगा आहेत, पावसाचं किंचित आम्ल पाणी त्या विरघळवून रुंद करतं. काही भेगा पाय गुडघ्यापर्यंत जाईल एवढ्या.

आता बांधणाऱ्याच्या नजरेने बघा. खाली आडवा थर सुटा, बाजूंना उभ्या भेगा सुट्या. म्हणजे निसर्गानेच चार-पाच बाजूंनी कापून ठेवलेली लादी. लाकडी पाचर आणि पहारीसारखा दांडा एवढ्यावर ती उचकटते. वरखाली दोन सपाट, समांतर पृष्ठभाग मिळतात आणि शुष्कसांधीला नेमकं तेच लागतं. घडाई जवळजवळ शून्य. या किल्ल्याचा मूळ टप्पा कांस्ययुगातला आहे, लोखंडी छिन्नी-सुतकीच्या आधीचा, हे लक्षात घेतलं की दगडाचं महत्त्व कळतं.

जांभ्याचं उलटं. खाणीतून निघताना मऊ, हवा लागली की कडक. त्याचा चिरा पाडावा लागतो, आपसूक लादी निघत नाही. आणि गोटा-दगडाचा गडगा घालायचा तर प्रत्येक दगड गोल, बैठक एका बिंदूवर. नवखा भटक्या, तुमच्या गडग्याचं अर्धं पाप दगडाच्या माथी टाका.

चुनखडकात एक मेख आहे. थरांच्या मधे मधे चिकणमातीचे पातळ पट्टे येतात. बेटावरचे सगळे टप्पे, पायऱ्यांसारखी उतरण, त्याच पट्ट्यांमुळे. भेगांतून खाली गेलेलं पावसाचं पाणी या पट्ट्यावर अडतं आणि बाजूने झऱ्यासारखं निघतं. म्हणून गोडं पाणी टप्प्याच्या पायथ्याशी, माथ्यावर नाही. किल्ल्याच्या आत विहीर किंवा टाकं दिसत नाही. आपल्या गडावर गेलो की आपण पहिलं टाकं शोधतो. इथे ते नाही, म्हणजे महिनोन् महिने वेढा सोसायची ही जागा नव्हे.

हिशेबनीस

आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही.

बालेकिल्ल्याचा तट ४ मीटर जाड, ५ मीटर उंच धरू. एक मीटर लांबीला २० घनमीटर. शुष्कसांधीत पोकळी २० ते २५ टक्के, म्हणजे निव्वळ दगड १५ घनमीटर. चुनखडक घनमीटरला सुमारे २.६ टन. झाले ३९, म्हणजे ४० टन दर धावत्या मीटरला. तटाची वक्र लांबी अंदाजे १२० मीटर घेतली (तट निव्वळ अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वळसा घेतो) तर ४८०० टन.

सरावलेला माणूस दिवसाला तीन-साडेतीन टन दगड नीट रचतो. नुसत्या रचाईला सुमारे १४०० माणूस-दिवस. काढणं, ओढणं, चिपा गोळा करणं यांना रचाईच्या तिप्पट धरा, एकूण साधारण ५६००. पन्नास माणसं असतील तर ११२ दिवस. म्हणजे एक बालेकिल्ला दोन-तीन उन्हाळ्यांत, शेतीचं काम सांभाळून.

हजारो गुलाम, शेकडो वर्षं, परग्रहवासी वगैरे काही लागत नाही.

चुनखडी

हिशेब आवडला, पण त्याच्या पायात एक चूक आहे. आज दिसणारा ४ बाय ५ मीटरचा तट कुणी एका हंगामात ठरवून बांधलेलाच नाही. तुम्ही तीन वेगवेगळ्या काळांतल्या बांधकामाचं एकच बिल काढलंय.

डिस्कव्हरी प्रोग्राम या आयरिश संशोधन संस्थेने १९९२ ते १९९५ मध्ये इथे उत्खनन केलं, क्लेअर कॉटर यांच्या नेतृत्वाखाली. त्यातून मांडणी अशी निघाली: माथ्यावर वस्ती इ.स.पू. १५०० च्या सुमारास. पहिल्या भिंती आणि घरं इ.स.पू. ११०० च्या आसपास. इ.स.पू. ८०० च्या सुमारास जागा भरभराटीत. पुढे आरंभीच्या मध्ययुगात, ख्रिस्ती मठांच्या काळात, तटाची पुन्हा मोठी बांधणी. आणि सर्वात शेवटी १८८० च्या दशकातली सरकारी दुरुस्ती.

तेव्हा 'तीन हजार वर्षांपूर्वीचा तट' म्हणून ज्याचा फोटो सगळे टाकतात त्यातला कितीतरी दगड शेवटच्या दोन टप्प्यांत बसवलेला आहे. जागा तीन हजार वर्षांची आहे हे बरोबर. भिंतीचं मात्र तोंड बघून वय सांगू नये.

नवखा भटक्या

भिंतीचं वय काढतात कसं मग? दगडाला तर कार्बन-१४ (हाड, लाकूड अशा एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचं वय काढायची पद्धत) चालत नाही.

चुनखडी

दगडाला चालत नाही. दगडाखाली काय सापडलं त्याला चालतं.

भिंतीच्या पायाखाली दबलेल्या थरात मेंढीचं हाड मिळालं तर भिंत त्या हाडानंतरची. भिंतीला टेकून साचलेल्या थरात हाड मिळालं तर भिंत त्याच्या आधीची. दोन्ही मिळाली की मधला काळ पकडता येतो. एकच मिळालं तर फक्त 'याच्या आधी' किंवा 'याच्या नंतर' एवढंच म्हणायचं, पुढे ताणायचं नाही.

नमुना कशाचा घ्यायचा यात मोठी चूक होऊ शकते. किनाऱ्यावरच्या वस्तीत शिंपल्यांचा खच असतो, इथेही खडकाला चिकटणाऱ्या शंखांची टरफलं भरपूर. हाताशी आहेत म्हणून तीच तारखेला पाठवली तर उत्तर साधारण ४०० वर्षं जुनं येतं, कारण समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मिसळलेला असतो आणि शिंपला तोच वापरतो. ती दुरुस्ती न करता काढलेली तारीख म्हणजे घड्याळ मागे ठेवून वेळ सांगणं. म्हणून जमिनीवर चरणाऱ्या जनावराचं हाड किंवा अल्पायुषी रोपाचं जळकं बी पसंत करतात. मोठ्या लाकडाचा कोळसाही धोक्याचा, खोडाचा गाभा झाड तोडलं त्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीचा असू शकतो.

आणि हाड टिकलं हेच नशीब. चुनखडकावरची माती अल्कधर्मी असते, त्यात हाड राहतं. आपल्या कोकणातली जांभ्यावरची तांबडी माती आम्लधर्मी, ती हाड खाऊन टाकते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर कातळशिल्पं एवढी सापडतात, पण ती कोरणाऱ्यांच्या जेवणातली हाडं सापडत नाहीत, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. तिथे काळ ठरवायला दुसरे रस्ते शोधावे लागतात.

अजून एक बारीक गोष्ट. आत मातीच्या साच्यांचे तुकडे आणि मुशी मिळाल्या, कांस्याची हत्यारं ओतायचे. चुनखडकाच्या बेटावर ना तांबं ना कथील. दोन्ही धातू होडीतून आले. तेव्हा ही जागा एकाकी टोक नव्हती, समुद्राच्या रस्त्यावरचा नाका होती.

दर्याकिनारा

मला मुख्य वाद घालायचाय तो आकारावर. बालेकिल्ला अर्धवर्तुळाकार दिसतो कारण उरलेलं अर्धं समुद्रात गेलंय. बेटावरचे आतले किल्ले बघा, डून ओखला, डून ओनाख्त. सगळे पूर्ण गोल किंवा लंबगोल. यानेच काय घोडं मारलंय? तटाची दोन्ही टोकं कड्याशी अशी तुटून थांबतात, जणू सुरीने कापली.

भूस्तर

कडा मागे सरकतोय यात वाद नाही. लाटा पायथ्याचा मऊ पट्टा कोरतात, वरचे थर अधांतरी होतात आणि उभ्या भेगेवर तुटून अखंड कोसळतात. म्हणून कडा तिरका न होता नेहमी उभाच राहतो. पश्चिम आयर्लंडच्या किनाऱ्यावर २०१३-१४ च्या हिवाळी वादळांत शंभर टनांवरच्या शिळा लाटांनी हलवल्याची मोजणी झाली आहे. त्या ताकदीने तीन हजार वर्षं काम केलं, तर कड्याची धार तेव्हा आणखी पुढे होती हे नक्की.

पण 'धार पुढे होती' यावरून 'तट पूर्ण गोल होता' हे सिद्ध होत नाही. मधली उडी मोठी आहे.

गडगेकर

तेच. दर्याकिनारा, त्याच बेटावरचा डून दूखाहर उर्फ काळा किल्ला का विसरता? समुद्रात घुसलेलं टोक आणि त्याच्या मानेवर आडवी एकच जाड भिंत. म्हणजे कड्याला तट मानून फक्त जमिनीकडची बाजू बांधायची, हा विचार त्या लोकांना ठाऊक होता. आपल्याकडेही तीच काटकसर असते. ज्या बाजूला कडा तासलेला त्या बाजूला तट नाही किंवा कमरेएवढा.

शिवाय मधला आणि बाहेरचा कोटही कड्यालाच येऊन थांबतात. तिन्ही पूर्ण गोल होते म्हणायचं तर समुद्रात गेलेल्या जमिनीचा आकडा फारच फुगतो. बालेकिल्ल्यापुरतं तुमचं म्हणणं शक्य आहे. तिन्हींसाठी नाही.

दर्याकिनारा

बाहेरच्या दोन कोटांबद्दल माघार घेतो. बालेकिल्ल्यावर ठाम आहे. आत कड्याला लागून कातळाचा जो चौकोनी चौथरा आहे, तो आज धारेवर लोंबकळल्यासारखा वाटतो. पूर्वी तो आवाराच्या मध्याकडे असला तर त्याचं असणं समजतं. मग तो पूजेचा असो, सभेचा असो.

चुनखडी

चौथऱ्याचा उपयोग ठरवणारं काही सापडलेलं नाही, त्यावर आकाराचा इमला नको. वाळूवर वाळू. (धाग्याचा काश्मीर होण्याआधी पुढे सरकू.)

ओळंबा

उभ्या दगडांच्या पट्ट्यावर कुणीच लिहिलं नाही, तो तर मला तटापेक्षा भारी वाटतो.

फ्रेंच नाव 'शवो-द-फ्रीझ', म्हणजे फ्रीसलंडचे घोडे. घोडदळ अडवायला लाकडी खुंट्यांचे जे अडसर वापरत त्यांचं नाव दगडांना चिकटलं. मी याला दगडी निवडुंग म्हणतो. फरशीच्या भेगांत लांबट शिळा उभ्या खोचल्या आहेत, काही सरळ, काही बाहेर झुकलेल्या, कमरेपासून छातीपर्यंतच्या. भेगा आधीच तयार असल्याने खड्डा खणायला नको. शिळा भेगेत सोडायची आणि बाजूला पाचरीसारखे दगड ठोकायचे, झालं काम.

याने माणूस अडत नाही, धाव अडते. शत्रू आत येऊ शकतो, पण एक एक करून, पायाखाली बघत. रांग मोडते, ढाल धरून एकत्र धावता येत नाही आणि वरून गोफण चालवणाऱ्याला प्रत्येक जण स्वतंत्र मिळतो. आपल्या दरवाज्यांवरचे अणकुचीदार खिळे हत्तीसाठी, हे माणसांच्या लोंढ्यासाठी.

पट्ट्यातून वाट एकच, दरवाज्याकडे जाणारी. डून दूखाहरलाही असा पट्टा आहे, समोर क्लेअर परगण्यात बालीकिनवार्गाला आहे, वेल्समध्ये पेन-इ-गेअरला आणि स्पेन-पोर्तुगालकडेही. त्यावरून 'हे लोक तिकडूनच आले' असं लिहिणारे खूप भेटतील. टोकदार दगड उभे करायची कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते, एवढं म्हणून सोडून द्यावं.

पट्ट्याचं नेमकं वय सांगता येत नाही ते वरच्याच कारणाने: भेगेत खोचलेल्या शिळेखाली दबून बंदिस्त झालेला मातीचा थरच नसतो.

नवखा भटक्या

आणि पडझड? चुना नाही म्हणून टिकली म्हणता, मग १८८० च्या दशकात दुरुस्ती का लागली?

ओळंबा

कारण माणूस.

वर सपाट, हाताळण्याजोगे दगड आयते रचलेले. बेटावरच्या शेतांच्या बांधांना दगड हवाच असतो. शिवाय ससे. भिंतीच्या पोटातल्या पोकळ्यांत ससे राहत आणि ते पकडायला लोक भिंत उचकटत. १८५७ मध्ये ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेची मंडळी सहलीला आली, विल्यम वाइल्ड (ऑस्कर वाइल्डचे वडील) यांच्या पुढाकाराने किल्ल्यातच मेजवानी झाली. तिथे त्यांनी बेटकऱ्यांना हेच विनवलं होतं की चार सशांपायी पूर्वजांचं काम पाडू नका.

त्यानंतर १८८० च्या दशकात सरकारी बांधकाम खात्याने पडलेले भाग रचले आणि जिथे तट पुढे झुकला होता तिथे बाहेरून दगडी धिरे दिले. ते धिरे आजही ओळखू येतात. त्या वेळी कुठला दगड मूळ जागी होता आणि कुठला नव्याने बसवला, याची दगडनिहाय नोंद नाही. पुढच्या संशोधकांना याचा त्रास आहे.

आज अशी भिंत रचायची तर क्रम काय असावा, थोडक्यात लिहितो, आपल्याकडच्या दुर्गसंवर्धनवाल्यांनाही उपयोगी:

आधी पोट मोजायचं. भिंत मधे फुगली तर वरून ओळंबा सोडून ठरलेल्या बिंदूंवर अंतर घ्यायचं, तेच बिंदू, वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर. फुगारा किती आहे यापेक्षा वाढतो किती वेगाने हे महत्त्वाचं. वर्षानुवर्षं थांबलेल्या पोटाला हात लावू नये. कित्येक भिंती पोट घेऊनच शतकं उभ्या असतात.

वाढत असेल तरच उतरवायची. पूर्ण तोंडाचे फोटो, दर्शनी दगडांना खडूने क्रमांक. खडूनेच, ऑइलपेंटने नाही! उतरवताना भोक नाही पाडायचं, वर रुंद खाली अरुंद असं व्ही-आकारात उतरवायचं, म्हणजे नव्या थरांना दोन्ही बाजूंच्या जुन्या थरांत दात बसतात. पहिला खणखणीत थर लागेपर्यंत खाली जायचं. बहुतेक जण इथे कंटाळतात आणि डुगडुगत्या थरावरच वर चढतात. दोन वर्षांनी तेच पोट पुन्हा.

काढलेले दगड ढीग करून टाकायचे नाहीत. भिंतीलगत चालायला मीटरभर जागा सोडून जमिनीवर ओळीत मांडायचे, दर्शनी जवळ, भराचे त्यामागे. चिपांचा ढीग वेगळा. भरातली माती चाळून बाहेर. मग दोन्ही टोकांना ढाळाच्या चौकटी, त्यावर दोरी, आणि दोन्ही तोंडं व भर एकाच वेळी वर न्यायचा. तोंडं आधी चढवून मध्ये नंतर भर ओतला की काय होतं ते गडगेकरांनी वर सांगितलंय.

शेवटी नव्या-जुन्याची सीमारेषा नोंदीत आणि शक्य असेल तर भिंतीतही ओळखता आली पाहिजे.

सिमेंट? दगडांच्या मधे सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद आणि भार मोजक्या कडक बिंदूंवर. लादी तिथेच तडकते. पाच वर्षं भिंत देखणी दिसते, मग अख्खी ढेपाळते.

हे सगळं अर्थात परवानगीने. तिकडे हे राष्ट्रीय स्मारक आहे, इकडेही संरक्षित किल्ल्यावर पुरातत्त्व खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक दगड हलवायचा नाही. उत्साह कितीही असो.

गडगेकर

ओळंबाशेठ, पूर्ण अनुमोदन. एवढीच भर: विजयदुर्गासारख्या ठिकाणी लाट थेट तटाच्या पायाला भिडते, तिथला इलाज वेगळा. पायच धुपतो, वरचं कितीही नीट रचा. डून एंगसला लाट तटाला लागतच नाही, खालच्या खडकाला लागते. तो इलाज गवंड्याच्या हातातला नाही.

आणि हो, शुष्कसांधी रचाईची कला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत २०१८ पासून आहे, २०२४ मध्ये त्यात आयर्लंडचंही नाव जोडलं गेलं. आपल्या गडग्याचं कुणी मनावर घ्यावं.

दर्याकिनारा

जाणाऱ्यांसाठी सुटसुटीत माहिती, कारण व्यक्तिगत निरोपांतून तेच प्रश्न येताहेत.

गॉलवे शहरातून बसने रॉसावील बंदर, साधारण तासभर. तिथून बोट ४० मिनिटं, किलरोननला उतरवते. उन्हाळ्यात डूलिनवरूनही बोटी असतात. समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात, तेव्हा त्याच दिवशीचं परतीचं विमान ठरवू नका. किलरोननपासून किल्ला सात किलोमीटरच्या आसपास. सायकल भाड्याने मिळते, मिनीबस, घोडागाडीही. सायकलला खालचा किनाऱ्याचा रस्ता घ्या, वरचा चढउताराचा आहे. किलमर्वीला माहिती केंद्र आणि तिकीट, सायकल तिथेच लावायची. पुढे पायी सुमारे एक किलोमीटर, वीसेक मिनिटं. शेवटचा भाग ओबडधोबड लाद्यांचा. बाबागाडी चालत नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

ओला चुनखडक साबणासारखा असतो. खाचांचा तळ असलेले बूट घाला, गुळगुळीत झालेले नकोत. कड्याच्या धारेला कठडा नाही. खाली बघायचंच असेल तर पोटावर झोपून, दोन हात अलीकडूनच, आणि वारा असेल तर तेही नको. धारेचा दगड खालून पोकळ असू शकतो, वरून ते कळत नाही. मुलांचा हात सोडू नका.

उभ्या दगडांच्या पट्ट्यात शिरू नका, भेगेत पाय गेला तर घोटा जागेवर राहणार नाही. तटावर चढू नका. आणि ते छोटे छोटे दगडी मनोरे रचणं कृपया बंद करा, त्यांना लागणारा दगड किल्ल्यातलाच असतो.

दिवसभराच्या बोटींची गर्दी दुपारी वर पोचते. बेटावर मुक्काम असेल तर गर्दी उतरल्यावर, केंद्र बंद व्हायची वेळ विचारून, उशिरा चढा.

नवखा भटक्या

सगळ्यांचे आभार. पुढच्या महिन्यात जाणं आहे. तिथे उभं राहून नेमकं काय बघू? एकच गोष्ट सांगा.

चुनखडी

तटातला उभा सांधा शोधा.

अरनच्या किल्ल्यांच्या भिंतींत मधेच सरळ उभी रेघ दिसते. तिच्या दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत गुंतलेले नाहीत, दगड रेघेपाशी येऊन थांबतात. वरच्या नियमाने ही घोडचूकच. पण ती इतकी नीट, इतकी उभी असते की चूक वाटत नाही. टी. जे. वेस्ट्रॉप या अभ्यासकाने शंभरेक वर्षांपूर्वीच अशा सांध्यांकडे लक्ष वेधलं होतं. साधा अर्थ असा की तट तुकड्या-तुकड्यांनी बांधला. एका टोळीने आपला भाग उचलला, शेजारच्या टोळीने आपला, आणि दोघांच्या हद्दीवर सांधा राहिला. काही सांधे नंतरच्या दुरुस्तीचेही असतील.

ओळखायचं असं: एखाद्या उभ्या भेगेवर नजर ठेवून वर जा. तीन थरांत एखादा दगड ती ओलांडत असेल तर सोडून द्या, साधी चूक. सहा-आठ थर कुणीच ओलांडत नसेल तर थांबा. मग दोन्ही बाजूंच्या थरांची उंची बघा. डावीकडे जाड लाद्या, उजवीकडे पातळ, आणि थरांच्या रेघा जुळत नसतील, तर तिथे दोन वेगळे हात आहेत. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात, आतल्या बाजूने, सांधा सावलीची रेघ होऊन दिसतो. फोटो काढाल तर शेजारी काठी उभी करून काढा, थरांची जाडी मोजता येईल, आणि इथे टाका.